रुसव्याचं वजन

ताईच्या लग्नाची वाट लावायला मला गणिताचा एकच धडा पुरला.

चौऱ्याऐंशी साल. मी एम.एस्सी.ला होतो आणि नुकतंच एक प्रकरण शिकलो होतो: अनेक गोदामांतला माल अनेक दुकानांत न्यायचा, तोही कमी खर्चात आणि कमी वेळात. आता ही दोन उद्दिष्टं कायम एकमेकांच्या उरावर बसलेली! मग प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे वजन द्यायचं, बेरीज करायची आणि सगळ्यात कमी बेरजेची योजना निवडायची. हे कुठे वापरू आणि कुठे नको, असं मला झालं होतं. त्यात लग्न मुलुंडला, पाहुणे वाकोला, घाटकोपर, कुर्ल्याला पसरलेले आणि गाड्या दोनच.

"बाबा, पाहुण्यांना आणायचं माझ्यावर सोडा. खर्च कमी, वेळ कमी. एकदम झकास!"

"आणि रुसवे?" बाबा म्हणाले. "दारात गाडी आली नाही, तर तुझी आत्या अक्षता टाकायची नाही."

झालं, तिसरं उद्दिष्ट मिळालं! मी प्रत्येक नातेवाइकाला रुसण्याचे गुण दिले. वाकोल्याच्या आत्याला दहापैकी दहा (अकरा देता येत नव्हते म्हणून). कुर्ल्याच्या मामांना शून्य. जन्मात कधी रुसले नव्हते बिचारे! उत्तर देखणं आलं: आत्याला अख्खी अँबॅसेडर, घाटकोपरकरांना मॅटाडोर आणि मामांना सरबताचा बर्फ आणणारा टेंपो. तो कुर्ल्याहून येणारच होता ना! खर्च शून्य, रुसवा शून्य. मामा नुसतं "बरा रे झिला" म्हणाले, तेव्हा मला गणिताबद्दल भरूनच आलं.

लग्नाच्या दिवशी आत्या सगळ्यांच्या आधी येऊन पंख्याखाली बसली. मुहूर्त जवळ आला. भटजींनी आवाज दिला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या!"

मामांचा पत्ताच नाही! मुलीला बोहल्यावर मामाच आणतो, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त माझ्या गणिताला नव्हतं.

"कशात बसवलंस रे माझ्या भावाला?" आईने विचारलं.

"टेंपोत."

"कसल्या?"

मी खरं ते सांगितलं. आई तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली.

"मुहूर्त टळतोय!" भटजी ओरडले.

आणि टेंपो आला! वाटेतल्या प्रत्येक रसवंतीला बर्फ टाकत आला होता. लाद्यांवर बसून आलेले मामा उतरले ते कुडकुडत, धोतरातून पाणी ठिबकवत. त्यांनी ताईचा दंड धरला मात्र, ती अशी किंचाळली की नवरामुलगा अंतरपाटावरून डोकावला! पण लग्न मुहूर्तावर लागलं. मला आनंदाने रडूच आलं.

माझ्या गुणांचा हिशेब कळल्यावर पंगतीत मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "रे झिला, रुसणाऱ्याक पयली गाडी? माका आधी सांगूक व्हया होता, मी पण रुसलो असतंय!"

हे सगळ्या नातेवाइकांनी नीट ऐकून ठेवलं. पुढे माझं लग्न ठरलं, तेव्हा आमंत्रण जायच्या आतच घराणं रुसून बसलं, मामा सगळ्यांच्या पुढे! एकेकाची समजूत काढत गाड्या धाडल्या आणि गाड्या संपल्या. न रुसलेला माणूस एकच उरला होता. तो मुंडावळ्या बांधून नाक्यावर रिक्षांना हात करत होता, आणि एकही रिक्षावाला यायला तयार नव्हता!