रापणीचे वाटे

माझी पत्रकं तुमच्या हातात कधी ना कधी पडली असतील. बंदराबद्दलची, वाळूबद्दलची, तलाठ्याबद्दलची. प्रत्येकात मी कुणाला तरी जाब विचारला आहे. हे मात्र मी कुठेच छापलं नाही. आईला माहीत आहे, पण मी तिला सांगितलेलं नाही — तिच्यासमोरच ते घडलं. तुम्हाला का सांगते? ठाऊक नाही. कुणाला तरी सांगायला हवं, एवढंच.

माझे बाबा पत्रकं काढायचे. पेटीभर पत्रकं आणि ही एक सवय, एवढंच ते मागे ठेवून गेले. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. 'जनतेचा पैसा' हा शब्द मला 'चांदोबा'च्या आधी आला असेल. म्हणून वादळानंतर शहरातल्या एका संस्थेनं आमच्या वाडीच्या मदत मंडळाकडे पैसे पाठवले आणि ते पोचले का हे बघायला इथलंच कुणीतरी शिकलेलं माणूस हवं म्हणाली, तेव्हा मी लगेच पुढे झाले. मला वाटलं, बाबांचं काम आता माझ्याकडे आलं.

मंडळाचे प्रमुख आबा. वाडीची रापण तेच चालवत. रापण तुम्ही पाहिली आहे का? होडी जाळं घेऊन आत जाते, अर्धा वेढा घालून परत येते, आणि किनाऱ्यावर माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढतात. मग मासळीचे वाटे पडतात. दोर ओढणाऱ्याला वाटा, जाळं शिवणाऱ्याला वाटा, तापानं घरी पडलेल्यालाही वाटा. जाळं कुणा एकाचं नसतं. हे मी लहानपणापासून बघत आले आहे. विसरले होते, असं म्हणायची सोय मला नाही.

संस्थेची यादी होती वीस जणांची. होडीच्या नोंदणीचा कागद ज्याच्याकडे, त्याचंच नाव यादीत. मी घरोघरी गेले. किती मिळाले? — प्रत्येकानं सांगितलेली रक्कम यादीतल्या रकमेच्या निम्म्याहून कमी. मग बाकीचे पैसे कुठे? लोक विषय बदलत. एक जण म्हणाला, "आबांका इचार." मी आबांना विचारलं. ते जाळ्याची फाटकी बाजू मांडीवर घेऊन बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कागद पुरो आसा गो बाय. सगळ्यांच्या सह्यो आसत. तुका आणि काय व्हया?" आणि हसले. "बापाशीवर गेलंस अगदी. तो पण असोच भांडाक येय."

ते हसणं मला झोंबलं. पुन्हा जाऊन नीट विचारलं असतं तर? नाही विचारलं. मला उत्तर नकोच होतं बहुतेक — मला पत्रक हवं होतं. त्याचं पहिलं वाक्य मला परत येताना वाटेतच सुचलं: 'वादळानं होड्या नेल्या, उरलेलं आबांनी नेलं.'

किती आवडलं होतं मला ते वाक्य! कुडाळच्या छापखान्यातून गठ्ठा आला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुपारी आई विळीवर बांगडे साफ करत होती, तिला मी पत्रक वाचून दाखवलं. ती फार शिकलेली नाही, म्हणून मोठ्यानं, आवाज चढवून वाचलं.

आईनं हातातला बांगडा खाली ठेवला.

"अगो, ते पैशे आमकाच गावले," ती म्हणाली. "ही कौलां खंयसून इली असा वाटता तुका? आबांनी रापणीसारखे वाटे घातल्यानी. ज्येंच्याकडे कागद नाय, तेंका पण. कागदवाले सगळे हो म्हणाले. तुजो बापूस गेलो म्हणान तेचो वाटो जाता काय?"

मी वर बघितलं. नवी कौलं. पैसे कुठले, हे मी घरात विचारलंच नव्हतं. साऱ्या वाडीत विचारत फिरले, आणि स्वतःच्या घरात नाही.

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. हेच मला सांगायचं आहे. नंतर नव्हे, महिन्याभरानं नव्हे — गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सुटली नव्हती तेव्हा. मी आईला म्हटलं, "आता छापून झालंय." मग तिनं बांगडा उचलला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात उभी राहून पत्रकं वाटली. आईच्या टोपलीसमोरून गेले, तिच्या गिऱ्हाइकांच्या हातातही दिली. लोक ते वाक्य मोठ्यानं वाचत होते आणि मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं. त्याच संध्याकाळी मी संस्थेला अहवाल पाठवला: 'उर्वरित रक्कम कुठे गेली, हे कळू शकले नाही.' हे मी त्याच कौलांखाली बसून टाइप केलं.

संस्थेनं पुढचा हप्ता थांबवला. मला आभाराचं पत्र आलं. त्या हप्त्यातून रापणीचं नवं जाळं यायचं होतं.

आबांनी खुलासा केला नाही. का नाही केला? करायचा तर कागद नसलेल्यांची नावं सांगावी लागली असती — आणि त्यांच्याकडून पैसे परत मागितले गेले असते. त्यात आईचं नाव होतं. आई मधल्या काळात थोडे पैसे जमवून आपला वाटा परत करायला त्यांच्याकडे गेली होती. त्यांनी ते तिच्या टोपलीत परत ठेवले. कागदवाल्यांनाही त्यांनीच गप्प बसवलं.

रापण पुन्हा उतरली नाही. जुनं जाळं एका हॉटेलवाल्यानं नेलं. आता ते जेवणाच्या टेबलांवर छताला टांगलेलं आहे, त्यात शिंपले अडकवले आहेत, पर्यटक फोटो काढतात. दोर ओढणारे तरणे गोव्याच्या ट्रॉलरवर गेले. आई मालवणच्या लिलावात मासळी विकत घेऊन विकते. तिला वाटा देणारं आता कुणी नाही.

आबा मला एकदाच भेटले, एसटीच्या थांब्यावर. म्हणाले, "काय गो, माजा नाव मोठ्या अक्षरात छापलंस! माज्या लग्नपत्रिकेत पण एवढा मोठा नव्हता." थांब्यावरची माणसं हसली. मीही हसले. खरं काय ते बोलायला वेळ पुरेसा होता, गाडी अजून यायची होती. ती आली, आणि मी चढले.

त्यानंतर मी आणखी पत्रकं काढली. लोक म्हणतात, पोरगी कुणाला भीत नाही. आई आता मला वाचून दाखव म्हणत नाही. पावसात घर गळत नाही.