डालग्याखालचं करडू आणि माळावरची खोकड

आमच्या साखरा गावाच्या वरच्या माळावर एक खोकड राहायची. कोल्ह्याच्याच जातीची, पण अंगानं मांजरापेक्षा जराशी मोठी आणि शेपटीचं टोक काळं. आमच्या बांधावरचे उंदीर खायची, आमच्या वाटेला जायची नाही. संबंध चांगले होते.

उन्हाळ्यात चुलतीच्या शेळीला करडू झालं. शेळी चरायला गेली की करडू घरी डालग्याखाली, म्हणजे पालथ्या घातलेल्या मोठ्या टोपलीखाली, झाकून ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. एका दुपारी चुलतीनं डालगं उचललं, तर खाली नुसत्या लेंड्या.

"खोकडीनंच नेलं," ती म्हणाली. "तिला पिल्लं झालीत. दुसऱ्या कुणाचं काम न्हाई हे."

करडू नेऊन खोकडीनं डालगं परत पालथं घातलं काय, असं मी विचारायला पाहिजे होतं. मी पहार खांद्यावर टाकली. त्या अकलेचा मला आजही राग येतो.

आम्ही वर गेलो तशी खोकड उठून लांब खडकावर जाऊन बसली. बिळाला पाच तोंडं होती. पाचही आम्ही दगड ठोकून बुजवली. आतून बारीक कुईकुई ऐकू आली.

"आता कळंल तिला लेकराची तकलीफ," चुलती म्हणाली. आम्ही घरी येऊन चहा घेतला.

दिवस कलताना शेळ्या परतल्या. करडाची आई थेट परसात गेली आणि कोंबड्यांच्या डालग्यापुढं उभी राहून ओरडायला लागली. डालग्यातून उत्तर आलं. वर पोतं टाकलेलं होतं.

"तिकडं ऊन लागून राहिलं होतं, म्हणून सकाळी मीच इकडं सावलीत ठेवलं," चुलता म्हणाला. "काहून?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता.

चुलती अनवाणीच माळाकडं पळाली, मी मागून. खोकड एका तोंडाशी उकरत होती. दगडांवर तिच्या पंजांचं रक्त लागलं होतं. आम्हाला बघून ती चार पावलं हटली, पण गेली नाही. चुलतीनं नुसत्या हातांनी दगड काढले. चार पिल्लं बाहेर आली, मातीनं भरलेली, पण चारही जिती.

"लेकुरवाळीच्या दाराला दगड लावला म्या," म्हणून चुलती तिथंच बसून रडली.

दुसऱ्या दिवशी बीळ रिकामं होतं. खोकड आमच्या माळावर परत दिसली नाही.

आता घरात काहीही हरवू दे, मोबाईल, चष्मा, नाहीतर खुद्द चुलता, चुलती आधी घरातली सगळी डालगी उचलून बघते. माळाकडं बघत नाही.