आईचा हात, मुलीचं पोस्टर

माझी मुलगी मेलबर्नच्या एका युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, डिझाइन शिकते. दुसऱ्या वर्षाला त्यांना क्रांतीनंतरच्या रशियातली पोस्टर्स अभ्यासाला होती. वेरिबीला, आमच्या उपनगरात, घरी आली की जेवताना तेच चालायचं. तिथले चित्रकार म्हणे फोटो कापून चिकटवायचे. नेता डोंगराएवढा, कामगार मुंग्यांएवढे, मध्ये यंत्रांची चाकं. पुढे त्यांच्यातल्याच एकाला स्वतःच्या पुस्तकातले, सरकारच्या मर्जीतून उतरलेल्यांचे चेहरे शाईने काळे करावे लागले. हे सांगताना तिला फार मजा वाटायची.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनाला आम्ही नवरा-बायको गेलो. तिचं पोस्टर भिंतभर होतं. वर लाल रंगात नवऱ्याचं भलंमोठं डोकं. खाली मी. ओट्याशी मी, इस्त्री करताना मी, एज्ड केअरच्या, म्हाताऱ्यांची देखभाल करायच्या नोकरीच्या, युनिफॉर्ममध्ये मी, रांगच्या रांग. नवरा खूश होऊन आपल्या डोक्यापुढे सेल्फी काढत होता.

मधोमध एक चाक होतं, आणि ते फिरवणारा एक हात. काचेच्या बांगड्या, वाकडी करंगळी. माझ्या आईचा हात. मी तान्ही असतानाच ती गेली. तिच्या मांडीवर मी, एवढा एकच फोटो माझ्याकडे होता.

"कॉपी काढून कापलास ना?" मी मुलीला विचारलं.

"नाही. ओरिजिनल कापलं तरच अर्थ आहे. दॅट्स द होल पॉइंट."

"आणि तिचा चेहरा?"

"रिसायकलिंगमध्ये." मग शांतपणे म्हणाली, "तू सारखी तो फोटो घेऊन रडत बसायचीस, आई. मला कंटाळा आला होता."

तेवढ्यात तिच्या सरांनी येऊन माझा हात हातात घेतला, मुलगी धाडसी आहे म्हणाले. नवरा कानाशी पुटपुटला, "इथे तमाशा नको." मी सरांना थँक्यू म्हणाले.

पोस्टर पुढे युनीच्या कॉरिडॉरमध्ये लागलं. एका आर्व्होला, म्हणजे दुपारी, शिफ्ट संपवून मी एकटीच गेले आणि नखाने तो हात सोडवायला लागले. डिंक पक्का होता. अंगठा निघाला, मग मनगटापाशी कागद फाटला आणि बाकीचा चुरगळून बोटांत आला.

मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग मासिकातल्या कुणा बाईचा हात कापून तिने त्या चाकावर लावला. नवऱ्याने त्या नव्या पोस्टरचा फोटो बघितला. म्हणाला, आधीच्यापेक्षा हाच बरा दिसतो.