अर्धा अर्ज

कोणताही अर्ज हातात आला की बिरूनाना खिशातलं तांबडं पेन काढत आणि वाचायच्या आधीच त्याचं टोपण उघडत. काहीतरी खोडावं लागणार, याची त्यांना खात्रीच असे. भोरच्या कचेरीत जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस माझा शेजारी. जन्म मात्र पासली गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका धनगरवाड्यावरचा. तिकडची माणसं भोरला आली की आपले कागद नानांच्या ओट्यावर बसून लिहून घेत. चहा नानांचा, शाई नानांची, आणि काट मारायचा हक्कही नानांचाच.

"सरकारकडं आर्धं मागावं," ते म्हणत. "आर्धं आपलं आपुन करावं. समदं मागितलं की सरकार दावणीलाच बांधतं."

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. उदारमतवादी आणि मवाळ, म्हणजे आजचे मध्यममार्गी, यांतला फरक सांगताना फळ्यावर दोन रकाने आखायचो. माणूस जिथे दुबळा पडतो तिथे सरकारने पोचलंच पाहिजे, हा एकाचा आग्रह. सरकारने यावं, पण बेताने यावं, शेजाऱ्याची जागा घेऊ नये, हा दुसऱ्याचा. पहिला रकाना माझा होता. दुसरा भिंतीपलीकडे राहत होता आणि रोज संध्याकाळी माझं वर्तमानपत्र न्यायला येत होता.

"नाना, तुम्ही मवाळ," मी चिडवायचो.

"मवाळ न्हाई सर, मापात हाय. तुमचं सरकार कागदावर लई चांगलं दिसतं. म्या त्या कागदांवर धूळ झाडलीय."

एकदा त्यांच्या वाड्याचा अर्ज आला. अर्ज घेऊन खुद्द त्यांची थोरली बहीण, आक्का, आली होती. लहानपणी नानांना खांद्यावर बसवून तिने ओढा ओलांडायचा आणि पासलीच्या शाळेत सोडायचं, असा क्रम होता. कचेरीत साहेब आला तरी नाना सावकाश उठत. आक्का आली की आधी चप्पल काढून उभे राहत. अर्जात दोन मागण्या होत्या. वाड्यापर्यंत रस्ता, आणि आजाऱ्याला न्यायला पावसाळ्यापुरती एक गाडी आणि एक नर्स. नानांनी दुसरी मागणी खोडली.

मी भडकलो. "का? आजारी माणूस काय चालत येणार?"

"डोलीतनं येतो. बांबूला घोंगडी बांधायची, चौघांनी खांदा द्यायचा. आमच्यात असंच हाय. खांदा सरकारकडं मागत न्हाईत." मग म्हणाले, "वाड्यावर नळ आला, तवापासनं झऱ्याचा गाळ काढायचं गावानं सोडलं. आता नळ कोरडा, आन झरा बुजला. उद्या गाडी आली तर शेजारी घराबाहेर यील का?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. म्हणून मी वाईट उत्तर दिलं. "उद्या वाड्यावर खांदेच उरले नाहीत तर?"

"धनगरवाड्यावर खांदा न्हाई? सर, पुस्तकं कमी करा जरा."

आक्का हसली. "लहानपणापसनं हट्टीच हाय. ऱ्हाऊ द्या, तो म्हनंल तसं."

रस्ता मंजूर झाला, पण ओढ्यापर्यंतच. उद्घाटनाला मांडव पडला, शाली निघाल्या, आणि विकासाची गंगा डोंगरात पोचल्याचं ध्वनिवर्धकावरून तीनदा जाहीर झालं. फीत ओढ्याच्या अलीकडे कापली. ज्यांच्यासाठी रस्ता होता ते पलीकडच्या काठावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. नाना मला कोपराने ढोसून म्हणाले, "बघा, आर्धं आलं. मागितलं हुतं तेवढंच!"

दोन पावसाळ्यांनी, श्रावणातल्या एका रविवारी, आक्काला सकाळपासून धाप लागली. वाड्यावर दोन म्हातारे आणि बाया होत्या. तरणी माणसं पानशेतच्या हॉटेलांत होती. पाऊस बघायला आलेल्या पुणेकरांना कांदाभजी वाढायचा तो मुख्य दिवस. म्हाताऱ्यांनी आणि सुनांनी डोली उचलून ओढ्यापर्यंत आणली. ओढा छातीभर वाहत होता. पलीकडे नवा रस्ता दिसत होता. पानशेतहून माणसं येऊन पोचली तेव्हा दुपार कलली होती आणि डोलीत आक्का उरली नव्हती.

तेरावा करून नाना परतले आणि थेट माझ्याकडे आले. कोरा कागद पुढे ठेवला. "लिवा. पूल लिवा, गाडी लिवा, नर्स लिवा. समदं लिवा."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. जिंकल्याचं सुख मला होईल असं कधीकाळी वाटलं होतं. ते कुठेच सापडेना. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"माझं चुकलं न्हाई सर," ते म्हणाले. "खांदा असता तर माझं बराबर हुतं." आणि मग अगदी हळू, "पर म्या मोजले न्हाईत. घरात बसून आर्ज खोडला, वर जाऊन किती माणसं हाईत ते बघितलंच न्हाई. मला तिनं ओढा पार करून दिला हुता."

पुन्हा त्यांनी कुणाच्या अर्जावर काट मारली नाही. मग हळूहळू लोक यायचेच थांबले. अर्ज लिहिणारे कितीतरी होते. खोडणारा एकच होता.

त्या अर्जाचं उत्तर यायच्या आत नाना गेले. वाड्यावरच न्या, असं सांगून ठेवलं होतं. सरकारी शववाहिकेने त्यांना ओढ्याच्या काठापर्यंत आणलं. उन्हाळा होता, पाणी घोट्याएवढं. नानांचा मुलगा, पुतण्या आणि मी, असे तिघे होतो. वरून यायची माणसं अजून दिसत नव्हती.

ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. "माझी ड्यूटी हितपातूरच हाय," तो म्हणाला.

मग त्याने गाडीला कुलूप लावलं, बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चौथ्या जागी येऊन उभा राहिला.

तो कोणत्या रकान्यात बसतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारायला शेजारी कुणी नाही.