क्लच नातवाचा, कंबर माझी

मंडळी, आज दुपारी गॅरेजात माझं आणि नातवाचं चांगलंच वाजलं.

त्याच्या त्या बुटक्या, पळणाऱ्या गाडीचा क्लच गेलाय. आता त्याला रेसिंगचा क्लच पायजे आणि फ्लायव्हील, म्हंजी इंजिनाला लागून फिरणारं जड चाक, तेबी हलकं पायजे. मेकॅनिक म्हणाला, "उचल झकास मिळंल, पण पेडल कडक हाय. गर्दीत गाडी झटकं देणार."

मी म्हटलं, "पावणं, हा गाडी रविवारी मिरवायला काढतो. रोज कागलला कामाला नातसून नेती. तिचा पाय बघा की!"

"आजी, तुला क्लचचं काय कळतंय?"

"न्हाय कळत. बायकूला इचारायचं असतंय, एवढं कळतंय."

नातसुनेला बोलावलं. तसलाच क्लच बसवलेली एक गाडी तिथं उभी हुती. पोरीनं ती राजारामपुरीच्या गर्दीतनं एकदाबी बंद न पाडता फिरवून आणली! नातू खूश!

उतरून ती मेकॅनिकला म्हणाली, "मला जमतंय. पण आजींनाबी घिऊन जायचं असतंय, त्यांच्या कमरेला झटकं सोसायचं न्हाईत. मऊ क्लच बसवा आणि फ्लायव्हील पहिल्याच वजनाचं ठेवा."

"माझ्या कमरेला काय धाड भरलीया?" मी वरडले. कोण ऐकतंय! मेकॅनिकनं मऊ क्लचचा खोका फोडलाबी.

नातू अजून फुगून बसलाय. तुम्हीच सांगा, गाडीचं सामान कुणी ठरवायचं? गाडी ज्याची त्यानं, रोज पेडल दाबणारीनं, का मागं बसणाऱ्या म्हातारीच्या कमरेनं?