सेन्सेईंच्या पुढे

जपानमधल्या कानाझावाच्या मिझुकोशी तोयो यांनी दोन महिन्यांत आपल्या शामिसेनच्या, म्हणजे तीन तारांच्या वाद्याच्या, सात तारा तोडल्या. त्यांच्या दिवंगत सेन्सेईंचं, म्हणजे गुरूंचं, वादन भाच्याने संगणकात भरून दिलं होतं. संगणकातला आवाज बाहेर काढणारा नवा डबा स्पीकरला जोडून त्या रोज सकाळी त्यासोबत वाजवायच्या. सूर जुळेना म्हणून त्यांनी तारा ताणल्या, लय गाठता येईना म्हणून हात पळवला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपलंच काहीतरी कमी पडतंय, असं त्या धरून चालल्या होत्या.

शेवटी तारा विकणारा कुवाबारा स्वतःच घरी आला. "आजी, तारा भातात घालून खाता की काय?"

त्याने सेन्सेईंचं वादन ऐकलं, सूर तपासायची शिट्टी वाजवून पाहिली आणि डब्याचं सेटिंग उघडलं.

"हे ध्वनिमुद्रण सेकंदाला आवाजाच्या चव्वेचाळीस हजार शंभर नमुन्यांचं आहे. हा डबा ते न बदलताच अठ्ठेचाळीस हजारांच्या वेगाने वाजवतोय. म्हणून सूर चढलाय आणि लयही पळतेय. तुम्हाला एकदाही शंका आली नाही?"

"कोणाची? सेन्सेईंची?"

त्या नजरेपुढे कुवाबाराने लगेच सेटिंग बदललं.

तोयोंनी तारा सैल केल्या आणि वाजवायला घेतलं. सेन्सेई आता सावकाश, खालच्या सुरात वाजवत होते. तोयोंच्या हाताला मात्र पळायची सवय लागली होती. तिसऱ्याच ओळीला त्या सेन्सेईंच्या पुढे निघून गेल्या. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

त्यांनी हात थांबवला, शामिसेन बाजूला ठेवलं आणि जमिनीला कपाळ टेकवून स्पीकरची माफी मागितली.