दुधीची चकती

आमच्या शुक्रवार पेठेतल्या शेजारच्या काकू दुधी शिजवण्याआधी त्याची एक कच्ची चकती चावून बघायच्या. "कडू निघाला तर लेकरू जाईल की!" म्हणायच्या. मला ते अती वाटे.

एका उन्हाळ्यात मोरीच्या पाण्यावर वाढवलेल्या वेलाचा पहिला दुधी त्यांनी मला दिला. मी तो न चाखताच शिजवला. माझ्या धाकट्या लेकीला वाढले, तोच काकू धावत आत आल्या आणि तिच्या हातातला घास त्यांनी हिसकावला.

"गिळलंस का गं? तोंड उघड!"

धाकटीने रडत तोंड उघडले. रिकामे होते.

"न्हाय खाल्लं अजून," मी कशीबशी म्हणाले.

"त्याच वेलाचा दुसरा आत्ता चावला. विष हाय नुसतं," म्हणत त्या भुईवरच बसल्या. चकती चावलीस का, हे त्यांनी विचारले नाही.

पुढे त्यांनी दिलेल्या प्रत्येक दुधीची एक चकती आधीच कापलेली असे.